टॅब लोगोवरच अडकतोय? रिसेट मारायच्या आधी एवढं बघून घ्या

तालुक्याच्या गावी माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. टायपिंग, टॅली, एक्सेल शिकवायचं काम, पण लॉकडाउननंतर लोक माझ्याकडे टॅबच जास्त घेऊन यायला लागले. २०२० मधे पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घरोघरी टॅब आले, शाळा उघडल्यावर ते कपाटात गेले, मग कधीतरी आजोबांच्या कीर्तनाला नाहीतर बारक्याच्या कार्टूनला परत बाहेर निघाले, आणि आता सगळ्यांची एकच तक्रार, "सर, चालू केला की कंपनीचं नाव येतंय आणि तिथंच बसतंय." त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं. "तेवढा रिसेट मारून द्या."

रिसेट म्हणजे आतलं सगळं पुसून टॅब कोरा करणं, तो मी लगेच मारत नाही. अर्ध्याहून जास्त टॅब रिसेट न मारताच चालू होतात असा माझा अनुभव आहे, आणि ज्यांनी घरीच यूट्यूब बघून रिसेट मारलेला असतो त्यांचं निम्मं काम अजून अवघड होऊन बसलेलं असतं. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

लक्षणं नीट बघा, ती सगळी एक नसतात

"टॅब बंद पडलाय" या तीन शब्दांत पाच-सहा वेगवेगळे आजार असतात. लोगो येतो, स्क्रीन काळी होते, परत लोगो येतो आणि हे चक्र चालूच राहतं, हा एक प्रकार. लोगो येतो आणि तासभर तसाच राहतो, हा दुसरा. तिसऱ्यात टॅब पूर्ण चालू होतो, होम स्क्रीन दिसते, आणि दोन मिनिटांत आपोआप बंद. चौथ्यात चालू राहतो पण सारखं "अमुक ॲप बंद पडलं आहे" असं येत राहतं आणि बोट लावलं की दहा सेकंदांनी हलतो. पाचव्यात आडवा पडलेला हिरवा रोबो दिसतो आणि खाली "नो कमांड" लिहिलेलं असतं, ते बघून लोक फार घाबरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुढे सांगतो. आणि सहावा प्रकार म्हणजे रिसेट झालाय, भाषा विचारली, वायफाय विचारलं, आणि आता जुना जीमेल मागतोय जो कोणालाच आठवत नाही.

घड्याळ लावून एक गोष्ट बघा. दर वेळी बरोबर त्याच जागी अडकतोय का? त्याच जागी अडकत असेल तर बहुतेक सॉफ्टवेअर. कधी लोगोवर, कधी होम स्क्रीनवर, कधी पाच मिनिटांनी, असं मन मानेल तसं बंद होत असेल तर आधी बॅटरी, चार्जर आणि बटणांवर संशय घ्या. हे एवढं कळलं तरी पुढचे दोन तास वाचतात.

आणि मागचं कव्हर काढून टॅब एकदा सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय का, स्क्रीन एका कडेनं उचललेली दिसतेय का, मागची बाजू फुगीर लागतेय का. लागत असेल तर हे पुढचं काहीही करू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका, बंद करून बाजूला ठेवा आणि दुकान गाठा. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, त्यात रात्रंदिवस चार्जरला लावलेले टॅब फुगतात, दर मे महिन्यात एक-दोन तरी येतातच. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, "थोडी हवा काढू" म्हणून तर मुळीच नाही.

फुकटातली तपासणी: चार्जर

सगळ्यात आधी भिंतीतल्या सॉकेटला, टॅबच्याच मूळ चार्जरनं, निदान दोन तास चार्जिंग. लॅपटॉपच्या यूएसबीला लावून "रात्रभर चार्ज केला सर" म्हणणारे खूप येतात. जुन्या प्रकारच्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो आणि टॅबच्या चार्जरमधून साधारण दोन, त्यामुळे टॅबची मोठी बॅटरी त्याच्यावर नीट भरतच नाही. हे का महत्त्वाचं, तर चालू होताना प्रोसेसर आणि स्क्रीन एकदम करंट ओढतात, बॅटरी अगदी तळाला असली किंवा म्हातारी झालेली असली तर व्होल्टेज खाली बसतं आणि टॅब परत बंद होतो, परत चालू व्हायला बघतो, परत बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर गेलं. असा टॅब रिसेट मारायला घेतला आणि मधेच बंद पडला की मग खरंच सॉफ्टवेअर जातं.

केबलसुद्धा बदलून बघा. आणि चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून बघा, खिशातला नाहीतर पिशवीतला कापूस-कचरा दाबून दाबून गच्च बसलेला असतो. टॅब बंद करून लाकडी टूथपिकनं हळू काढायचा, सुई किंवा पिन घालायची नाही.

बटणं आणि कव्हर

आता हे वाचून हसाल, पण हसू नका. शेजारच्या काकूंचा टॅब तीन वेळा माझ्याकडे आला. दर वेळी सेफ मोडमधेच (म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून) चालू व्हायचा, खाली कोपऱ्यात "सेफ मोड" लिहिलेलं आणि त्यांचं एकही ॲप उघडायचं नाही. दोनदा मी नुसता बंद करून चालू केला, ठीक झाला, दिला. तिसऱ्यांदा आल्यावर काकू वैतागून म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडं आला की शहाण्यासारखा वागतो, घरी नेलं की परत तेच." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे आल्यावर मी काय करायचो? कव्हर काढायचो. यात्रेतून घेतलेलं जाड रेक्झिनचं कव्हर होतं, त्याची कड बरोबर आवाज कमी करायच्या बटणावर दाबून बसलेली. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमधे चालू होताना ते बटण दाबलेलं असलं की सेफ मोड लागतो. कव्हर फेकलं, आजार गेला.

पॉवरचं बटण अडकलेलं असलं तर टॅब दर दहा-पंधरा सेकंदांनी रिस्टार्ट होतो, कारण पॉवर बटण जास्त वेळ दाबलं की सक्तीनं रिस्टार्ट व्हायचं हे बऱ्याच टॅबमधे मुद्दामच दिलेलं असतं. आवाज वाढवायचं अडकलं तर थेट रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या मेनूत, जाऊ शकतो. तेव्हा कव्हर काढा, तिन्ही बटणं दाबून बघा, प्रत्येक टक् करून वर येतंय का. चिकट झालेलं असेल (चहा, सरबत, बाळाची खीर, सगळं बघितलंय) तर बाहेरून मऊ ब्रशनं साफ करा, आत काही ओतू नका.

मेमरी कार्ड आणि सिम काढून बघा

टॅब बंद करा, दोन्ही काढा, चालू करा. खराब झालेलं कार्ड वाचता वाचता टॅब अडकतो आणि कार्ड काढलं की सुरळीत चालू होतो, हे मी बरेचदा बघितलंय. यात एक मेख आहे. अँड्रॉइड ६ पासून काही टॅबमधे कार्डाला टॅबच्याच अंगातली मेमरी बनवायची सोय आली. कोणी तसं केलेलं असेल तर ते कार्ड त्या टॅबच्या किल्लीनं कुलूपबंद असतं, दुसऱ्या कुठंही वाचलं जात नाही, कॉम्प्युटरला लावलं की "फॉरमॅट करायचं का" विचारतो. हो म्हणू नका. आणि टॅब रिसेट मारला की ती किल्लीच पुसली जाते, म्हणजे कार्ड हातात असून फोटो गेले. रिसेटच्या आधी हे कार्ड कसलं आहे ते बघाच.

सक्तीचा रिस्टार्ट, मग सेफ मोड

पॉवर बटण, किंवा पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, दहा ते तीस सेकंद धरून ठेवा. यानं डेटाला काही होत नाही. लोक पाच सेकंद धरतात आणि सोडतात, मनातल्या मनात तीसपर्यंत मोजा.

टॅब अर्धवट का होईना चालू होत असेल तर सेफ मोड. चालू असताना पॉवरचा मेनू आणून "पॉवर ऑफ" वर बोट दाबून धरायचं, नाहीतर लोगो आल्यावर आवाज कमीचं बटण धरून ठेवायचं. सेफ मोडमधे तुम्ही बाहेरून टाकलेली सगळी ॲप झोपलेली असतात, टॅबबरोबर आलेली तेवढीच चालतात. इथं टॅब झकास चालला म्हणजे दोष टॅबचा नाही, कुठल्यातरी ॲपचा आहे, आणि तुम्ही लाखभर फोटो पुसण्यापासून वाचलात. शेवटी टाकलेलं ॲप आधी काढा. माझ्या अनुभवात गुन्हेगार ठरलेले असतात, "टॅब फास्ट करतो" म्हणणारे क्लीनर, बॅटरी वाचवणारे, आणि कोणीतरी ग्रुपवर लिंक पाठवली म्हणून प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेला गेम.

सेफ मोडमधे असतानाच सेटिंग्जमधे जाऊन स्टोरेज बघा. ३२ जीबीचा टॅब, त्यातली बरीच जागा सिस्टिमनंच खाल्लेली, उरलेल्यात गुड मॉर्निंगचे व्हिडिओ. मेमरी पार काठोकाठ भरली की सिस्टिमला चालू होताना लागणाऱ्या छोट्या फायली लिहायलाच जागा नसते आणि ती लोगोवर अडकते. दोन-तीन जीबी मोकळे केले की टॅब असा पळतो की मालकाला खरं वाटत नाही. आणि आत शिरायची संधी मिळालीच आहे तर आधी फोटो बाहेर काढून घ्या, उद्या शिरता येईल याची खात्री नाही.

रिकव्हरी: इथं शांतपणे

आता टॅब अजिबात आत जाऊ देत नाही असं धरू. बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरलं की बऱ्याच टॅबमधे रिकव्हरी मेनू येतो. काही कंपन्यांत दोन्ही आवाजाची बटणं लागतात. सॅमसंगच्या नव्या मॉडेलांना टॅब केबलनं कॉम्प्युटरला जोडलेला लागतो, नाहीतर कितीही बटणं दाबा, रिकव्हरी येत नाही, यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. पडलेला रोबो आणि "नो कमांड" आलं तर तिथं पॉवर धरून ठेवून आवाज वाढवायचं बटण एकदा टुचकन दाबायचं, मेनू उघडतो.

मेनूत बोट चालत नाही. आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं आणि पॉवरनं निवडायचं. पहिलं "रीबूट सिस्टिम नाऊ" करून बघा, फुकटचं आहे. मग "वाइप कॅश पार्टिशन" असेल तर ते. यात तुमचे फोटो, ॲप, काही जात नाही, सिस्टिमनं तात्पुरत्या ठेवलेल्या फायली जातात, अपडेट अर्धवट राहिल्यानं अडकलेला टॅब कधी कधी एवढ्यावर सुटतो. नव्या बऱ्याच टॅबमधे हा पर्याय दिसणारच नाही. अँड्रॉइड ७ पासून सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची पद्धत आली, एक चालू असताना दुसरीत अपडेट बसतं, ते फसलं तर जुन्या प्रतीवर परत येता येतं, अशा टॅबमधे वेगळी कॅशची जागा बहुतेक नसतेच. तेव्हा पर्याय नाही म्हणून घाबरू नका आणि त्याच्या शेजारचं "वाइप डेटा" चुकून दाबू नका. दोन्ही नावं एकमेकांच्या खाली-वर असतात, चष्मा लावून वाचा.

रिकव्हरीच्या खालच्या बाजूला लाल-पिवळ्या अक्षरात काही ओळी येतायत का बघा. "फेल्ड टु माउंट" असं काही असेल, विशेषतः त्याच्यापुढे "डेटा" असेल, तर मोबाइलनं फोटो काढून ठेवा. बरेचदा त्याचा अर्थ आतली मेमरी चिपच थकलीय, आणि तसं असेल तर रिसेटनं ती तरुण होणार नाही.

रिसेटच्या आधी दहा मिनिटं

इथंच लोकांचं खरं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, जीमेल. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, चोरी रोखायला एक कुलूप आहे. रिकव्हरीतून रिसेट मारला की टॅब परत चालू होताना आधीचाच गूगल अकाउंट किंवा जुना स्क्रीन लॉक मागतो. तो मिळाला नाही तर टॅब म्हणजे भाकरी झाकायचं ताट. लॉकडाउनमधे घेतलेल्या टॅबांचा तर वेगळाच घोळ, दुकानदाराच्या पोरानं तिथंच एक नवीन जीमेल काढून दिलेला, पासवर्ड कुठंच लिहिलेला नाही, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद. म्हणून आधी दुसऱ्या फोनवर त्या जीमेलनं लॉगिन होतंय का ते प्रत्यक्ष करून बघा. "आठवतोय, आठवतोय" चालणार नाही. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर गूगलच सांगतं की २४ तास थांबून मगच रिसेट मारा. थांबा.

टॅब चालू असेल तर रिसेट सेटिंग्जमधूनच मारा, रिकव्हरीतून नको. आणि टॅब कोणाला विकायचा, द्यायचा असेल तर आधी सेटिंग्जमधून गूगल अकाउंट काढून मग रिसेट. वापरलेला टॅब विकत घेत असाल तर विकणाऱ्याला समोर बसवून हे करून घ्या.

दुसरी गोष्ट, बॅकअप. "बॅकअप चालूच आहे सर" हे वाक्य मी आता मनावर घेत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हापासून फोटो, मेल, ड्राइव्ह मिळून १५ जीबी, त्यात अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता मोजला जातो. १५ जीबी भरले की बॅकअप गपचूप थांबतो, आणि लोक चालू आहे या समाधानात राहतात. दुसऱ्या फोनवर त्याच अकाउंटनं फोटो उघडा आणि शेवटचा फोटो कुठल्या तारखेचा आहे ते बघा. एका ताईंचा शेवटचा फोटो दीड वर्षापूर्वीचा निघाला, पुढं पोरीचा पहिला वाढदिवस वगैरे सगळं फक्त टॅबमधे होतं. नशिबानं त्यांचा टॅब सेफ मोडमधे चालत होता.

आणि कपाटात पडून राहिलेल्या टॅबवाल्यांसाठी, ॲप आणि सेटिंगचा जो बॅकअप गूगल ठेवतं तो टॅब ५७ दिवस वापरला नाही तर पुसला जाऊ शकतो. दिवाळीत ठेवलेला टॅब संक्रांतीनंतर काढून रिसेट मारला तर तिकडंही काही शिल्लक नसू शकतं.

रिसेट मारल्यावर फोटो परत काढून देतो म्हणणारे दुकानदार भेटतात. नवीन टॅबमधला डेटा कुलूपबंद करूनच साठवलेला असतो, अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक टॅबला ते सक्तीचं आहे. रिसेटमधे किल्ली नष्ट होते. उरतो तो नुसता भुसा. त्यावर पैसे घालवू नका.

शाळेकडून, क्लासकडून किंवा सरकारी योजनेतून मिळालेला टॅब असेल तर रिसेट मारूच नका. त्यात बहुतेक वेळा संस्थेचं नियंत्रण बसवलेलं असतं, रिसेटनंतर इंटरनेट मिळालं की ते परत येऊन बसतं आणि त्यांचा लॉगिन मागतं. ज्यांनी दिला त्यांच्याकडेच घेऊन जा.

आता मारायचाच तर चार्जिंग निदान ५० टक्के, चार्जर लावलेला, कार्ड आणि सिम बाहेर. "वाइप डेटा फॅक्टरी रिसेट", खात्री विचारेल, हो म्हणा, मग "रीबूट". त्यानंतरचं पहिलं चालू होणं पंधरा मिनिटंसुद्धा घेऊ शकतं, जुन्या टॅबला त्याहून जास्त. परत अडकला म्हणून मधेच पॉवर दाबू नका. चहा घेऊन या.

चालू झाल्यावर वायफाय लागतंय पण गूगल लॉगिन होत नाही, असं झालं तर आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण बसलेल्या टॅबची तारीख कुठल्या कुठं मागं जाते, आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं टॅबला खोटी वाटतात. शक्य असेल तर तारीख हातानं लावा, लगेच लॉगिन होतं.

सॉफ्टवेअर नव्यानं टाकणं

रिसेट करूनही लोगोवरच. आता उरतं ते पूर्ण सॉफ्टवेअर परत टाकणं, दुकानदार ज्याला "फ्लॅश मारणं" किंवा नुसतं "सॉफ्टवेअर मारणं" म्हणतात. खरं सांगतो, ज्यानं कधी केलेलं नाही त्यानं आपल्या एकुलत्या एका टॅबवर शिकू नये. तरी करणारे करतातच, म्हणून.

कंपनीचं स्वतःचं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर असेल तर तेच वापरा. लेनोव्होचं आहे, त्यात टॅब जोडला की तेच मॉडेल ओळखून बरोबर फाइल उतरवतं. फाइल स्वतः शोधायची वेळ आली तर टॅबच्या पाठीवरचा मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, दिसायला एकसारख्या टॅबमधे नुसता वायफायवाला वेगळा आणि सिमवाला वेगळा असतो. सॅमसंगमधे ओडिन नावाचं टूल सगळे वापरतात, ते कंपनीनं लोकांसाठी काढलेलं नाही, आतलं बाहेर आलेलं आहे, त्यामुळे कुठल्याही साइटवरून उतरवलेल्या ओडिनबरोबर काय काय येईल सांगता येत नाही. त्यात "सीएससी" फाइल टाकली की डेटा जातो, "होम सीएससी" टाकली की डेटा ठेवून सॉफ्टवेअर बसतं, हा फरक माहीत नसल्यानं किती जणांचे फोटो गेले असतील देव जाणे. आणि जुनं व्हर्जन टाकायला जाऊ नका. सॅमसंगच्या बिल्ड नंबरमधे (सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा नंबर) शेवटून पाचवं अक्षर बघा, ते बूटलोडरची, म्हणजे टॅब चालू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती सांगतं, टॅबमधे आहे त्यापेक्षा लहान आवृत्तीची फाइल टॅब घेत नाही.

मीडियाटेक चिपवाल्या स्वस्त टॅबसाठी एसपी फ्लॅश टूल असतं. त्यात "फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड" असा पर्याय असतो आणि नाव ऐकून वाटतं वा, एकदम स्वच्छ. तो दाबला की टॅबचा आयएमईआय (सिमवाल्या टॅबचा ओळख नंबर), वायफायची माहिती, सगळं साठवलेला कप्पाही पुसला जातो, टॅब चालू होतो पण सिम चालत नाही. "डाउनलोड ओन्ली" एवढंच निवडायचं. आणि गेलेल्या आयएमईआयच्या जागी कुठलातरी दुसरा टाकून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठा. आयएमईआयमधे फेरफार हा गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

हे काम लॅपटॉपवर करा, साध्या डेस्कटॉपवर नको. मधेच लाइट गेली की अर्धं लिहिलेलं सॉफ्टवेअर आणि मेलेला टॅब. केबल डेटावाली हवी, काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. काम चालू असताना केबलला पाय लागणार नाही अशा जागी बसा, मी दार लावून घेतो आणि पोरांना बाहेर काढतो.

आयपॅडवाल्यांचं थोडक्यात. होम बटण असेल तर ते आणि वरचं बटण एकत्र धरायचं. नसेल तर वरच्या बटणाच्या जवळचं आवाजाचं बटण दाबून सोडायचं, मग लांबचं दाबून सोडायचं, मग वरचं धरून ठेवायचं, केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत. कॉम्प्युटरवर "अपडेट" आणि "रिस्टोअर" असे दोन पर्याय येतात, आधी "अपडेट"च निवडा, त्यात डेटा राहतो, "रिस्टोअर"मधे जातो. फाइल काही जीबीची असते आणि उतरायला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर आयपॅड रिकव्हरीतून बाहेर पडतो. गावाकडच्या नेटवर हे हमखास होतं. फाइल पूर्ण उतरू द्या आणि मग परत बटणांचा खेळ करा. ॲपल आयडीचं कुलूप इथंही आहे, पासवर्ड नसेल तर खरेदीची पावती लागते, पावत्या टाकू नका.

इथं थांबा

बॅटरी फुगली, जळका वास आला, किंवा चार्जिंगला लावल्यावर हात टेकवत नाही एवढा तापला, तर लगेच थांबा. रिकव्हरी मेनूत नुसता ठेवला तरी आपोआप रिस्टार्ट होत असेल तर थांबा, तिथं अँड्रॉइड सुरूच झालेलं नसतं, मग दोष पॉवरचा किंवा बोर्डाचा. रिसेट दर वेळी मधेच अडकतो किंवा "माउंट"ची चूक येत राहते, थांबा. पाण्यात पडलेला असेल तर पहिल्या मिनिटापासून थांबा. कॉम्प्युटरला जोडल्यावर स्क्रीन काळी आणि डिव्हाइसच्या यादीत फक्त क्वालकॉम आणि ९००८ असं काहीतरी दिसतंय, तर ते घरी करायचं काम राहिलेलं नाही. आणि आतला डेटा तुमच्यासाठी टॅबपेक्षा मोलाचा असेल तर रिकव्हरीच्या पायरीलाच थांबा, रिसेट न मारता अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. वॉरंटीत असेल तर फ्लॅशच्या नादी लागूच नका.

देताना सिम, कार्ड, कव्हर काढून घ्या आणि जॉबशीट (दुरुस्तीला दिल्याची लेखी नोंद) मागा. डेटा हवा असेल तर "डेटा पुसू नये, आधी फोन करावा" हे त्या कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. मी एकदा एका मोठ्या शहरातल्या सेंटरला तोंडी सांगून आलो होतो, तिसऱ्या दिवशी टॅब नव्यासारखा परत मिळाला, अगदी नव्यासारखा, आत काहीच नव्हतं. जीमेलचा पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, लागलाच तर स्वतः समोर बसून टाका. खर्चाचा अंदाज आधी विचारा, मेमरी चिप किंवा बोर्ड सांगितला आणि टॅब पाच-सहा वर्षांचा असेल तर तेवढ्या पैशात नव्याचा निम्मा रस्ता पार होतो, मी सहसा नको म्हणतो.

दुरुस्त होऊन आला, किंवा तुम्हीच केला, तर आठ दिवस त्यात एकदम सगळी ॲप भरू नका. सिस्टिमचे अपडेट आधी, मग रोज तीन-चार ॲप. परत लोगोवर अडकला तर शेवटी काय टाकलं होतं ते लक्षात असतं, आणि काहीच न टाकता अडकला तर चिप गेलीय हे समजायला दुसरा रिसेट मारावा लागत नाही.